शेवटचा डबा

आमचे चिंचोळकरकाका वरातीत सगळ्यांच्या मागे चालतात. नवरदेवाच्या घोड्याच्या, नाचणाऱ्या पोट्ट्यांच्याच नव्हे, तर जनरेटरच्या हातगाड्याच्याही मागे. नाकाला रुमाल, डोळ्यांत धूर. थोड्या पुढे काठी टेकत सिंधूकाकू, त्यांच्यावर डाफरत. माझ्या भाच्याच्या लग्नात मी काकांना हाताला धरून पार बँडपर्यंत आणलं. वळून बघतो तर माणूस गायब, पुन्हा धुरात!

"गार्ड होतो ना मी रेल्वेत," ते म्हणतात. "इंजन पोचलं म्हंजे गाडी पोचली, असं नसते भाऊ. शेवटचा डबा दिसल्याबिगर स्टेशन मास्तर गाडी आली म्हनत नाई."

रिटायर होऊन जमाना झाला, पण खिशातली शिट्टी सुटली नाही. देवळाची रांग असो की बुफे, काका शेवटी. त्यांच्या वाट्याला गुलाबजामचा नुसता पाक उरतो आणि तोही ते ऐटीत पितात.

आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तेलीबांधा तलावाला फरशी आणि दिवे लागले, आणि लोक त्याला चक्क मरीन ड्राइव्ह म्हणू लागले. तात्यापारा मोहल्ल्यातली आम्ही मराठी मंडळी सकाळी तिथे फिरायला जातो. एकदा काकू तलावाकडे बघत म्हणाल्या, "नाव मरीन ड्राइव्ह, अन् समुद्र कुठी हाये? मले एकदा खरा पाह्यचा हाये. सोताच्या पायानं जाऊन."

लकव्यानंतर त्या उजवा पाय ओढत चालतात, म्हणून ते शेवटचं वाक्य ऐकून आम्ही पटकन विषय बदलला. काका मात्र त्याच दिवसापासून आमच्या मागे लागले. हिवाळ्यात आम्ही सगळे ओडिशाच्या किनाऱ्यावर गेलो.

तिथे एक जुनं जंगल आहे. दोघांच्या कवेत न मावणारी झाडं, त्यांच्या मुळांमधून जाणारी पायवाट, आणि वाट संपते तिथे समुद्र. आत गाडी नेत नाहीत. फाटकावरच्या वनरक्षकाने काठी बघितली आणि अदबीने म्हणाला, "माताजी को यहीं बिठा दीजिए. रास्ता लंबा है, शाम से पहले लौटना भी है."

काकू लगेच बाकड्याकडे वळल्या. "जा तुम्ही. माझ्यापायी सगळ्यायले थांबा लागते." चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

"डबा यार्डात सोडून गार्ड जात नसते भैया," काकांनी वनरक्षकाला सुनावलं आणि अशी शिट्टी मारली की झाडावरची माकडंही पळाली. काकू डाफरतच वाटेला लागल्या. गाडी सुटली!

आम्ही समुद्रावर पोचलो, फोटो काढले, भेळ संपवली. दोघांचा पत्ता नाही. ऊन उतरायला लागलं तसा मी वैतागून माघारी निघालो. एका वळणावर ते दिसले. काकूंना धाप लागली होती. तेवढ्यात मागून काका ओरडले, "थांब वो! चपलेत खडा गेला!"

"तुमचं काय नं काय लागलेलंच असते!" काकू झाडाला टेकल्या, श्वास घेतला, मनसोक्त रागावल्या आणि पुढे निघाल्या.

काकांनी चप्पल झटकली. खडा पडला नाही. पडणार कुठून? वाटेवर सगळा पाचोळाच होता. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"कोनाले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "शेवटची राह्यली का लै मनाले लावून घेते. घराबाहीर निघनंच सोडलं होतं तिनं. आता मागं मी असतो, तर ती शेवटची कशी राहीन?"

मला एकदम तो जनरेटरचा धूर आठवला.

असे किती खडे त्या वाटेवर लागले, देव जाणे. पण शेवटी झाडं संपली. काकूंनी काठी वाळूत रोवली, साडी सावरली आणि सरळ पाण्यात शिरल्या. लाट पायांवर आली तशा लहान पोरीसारख्या किंचाळल्या, मग मागे वळून हात नाचवत ओरडल्या, "मी पोचली! या आता, कायमचे मागं राह्यनारे!"

काका झाडांच्या कडेलाच थांबले होते. डोळे पुसले, शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकता येईना. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, सांगा. गाडी आली का?"

"पूर्ण आली, काका!" मी ओरडलो.

तेव्हा कुठे ते पाण्याकडे निघाले, काकूंच्या जरा मागून.