बापूसाहेबांच्या ओट्यावरचा दिवा

गुजरातेतल्या छाणी भागातल्या आमच्या सोसायटीच्या तक्रारपेटीत दोन वर्षांपूर्वी एक निनावी चिठ्ठी पडली होती. ती मी लिहिली होती. हे मी कोणालाही, अगदी पत्नीलाही, सांगितले नव्हते. चिठ्ठी शेजारच्या बापूसाहेब सुर्व्यांच्या दिव्याविरुद्ध होती. आणि बापूसाहेबांची ओळख करून दिल्याखेरीज माझा अपराध केवढा, ते कळणार नाही.

बापूसाहेब पंचाहत्तरीचे. त्यांचे पूर्वज इथल्या संस्थानच्या फौजेत होते. ती फौज केव्हाच मोडली. बापूसाहेबांच्या मिशांना मात्र तसा हुकूम अद्याप पोचलेला नाही. घरामागे त्यांनी लाकडी फळ्यांचा ओटा करवून घेतला. बांधणारा त्याला डेक म्हणे. ओटा पंधरा दिवसांत झाला, त्यावरचा दिवा निवडण्यात सबंध हिवाळा गेला.

पसंत न पडल्यास परत, या बोलीवर ते रावपुऱ्याच्या बाजारातून एकेक दिवा घरी आणत. दिवेलागणीला कुंपणापलीकडून हाक येई, “मास्तर, हजेरी!” मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यांच्या लेखी शिकवणारा प्रत्येक माणूस मास्तर. मला वेताच्या खुर्चीत बसवून ते दिवा लावत आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला सांगत. समोर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याकडे टक लावून बसत. तीन-चार ओळींनंतर त्या मान हलवत आणि दिवा बाद होई.

पायाशी लावलेल्या दिव्यांत माणसे जेवायला बसलेल्या भुतांसारखी दिसतात, असा बापूसाहेबांचा निकाल. माळा लावल्या तेव्हा लग्न कोणाचे, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. डोक्यावर टांगलेला कंदील पाहून म्हणाले, “मिशीखाली अमावास्या. चेहऱ्याची हजेरी लागत नाही. जवा द्या, परत करा हा.”

एकदा मी बराच विचार करून एक पितळी दिवा सुचवला. बापूसाहेबांनी तो लावला, मला न्याहाळले आणि गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, ह्या उजेडात तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं.” त्यांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या काकू खळखळून हसल्या. मीही हसलो, पण काकूंचे हसणे मला आत कुठेतरी लागले.

अखेर दिवा मिळाला. छातीइतक्या उंच खांबावर दुधी काच. उजेड थेट खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर. उरलेला उजेड कुंपण ओलांडून माझ्या वाचनाच्या खोलीत येई. चिठ्ठीत मी कारण खिडकीचे दिले. खरे कारण ते हसणे होते. कुंपणाशी जाऊन सांगितले असते, तर बापूसाहेबांनी दिवा जरासा वळवला असता. मी चिठ्ठी लिहिली, आणि तीही गुजरातीत. कारण सोसायटीत मराठी घरे दोनच, मराठी चिठ्ठी कोणाची हे लगेच कळले असते.

समितीने सांगताच बापूसाहेबांनी निमूटपणे दिवा बंद केला. संशय गेला मागच्या घरातल्या जशुभाईंवर. “आपल्या माणसानं समोर येऊन सांगितलं असतं,” बापूसाहेब मला म्हणाले. मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात जशुभाई मुलीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला कंकोत्री घेऊन त्यांच्याकडे आले. बापूसाहेबांनी त्यांना बसासुद्धा म्हटले नाही. ते गेल्यावर मी धीर करून म्हणालो की दोन वर्षे झाली, आता सोडून द्यावे. तेव्हा बापूसाहेबांनी जे सांगितले, ते त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

काकूंची श्रवणशक्ती चार वर्षांपूर्वीच गेली होती. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणे ओळखत. हे बाहेर कळू नये, अशी त्यांची इच्छा होती. आमच्या सोसायटीत जेवणे झाली की गप्पा अंगणात रंगतात. अंधारात ओठ दिसत नाहीत, म्हणून काकू उठून आत जात.

“त्या दिव्याखाली ती तीन आठवडे बसली, मास्तर. जशुभाईच्या बायकोशी छुंद्यात साखर किती घालायची यावरून चक्क भांडली. आता पुन्हा अंधार पडला की आत जाते. हे कसं सोडून द्यायचं, सांगा.”



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. काकू आत जायला उठतच होत्या. मी हात जोडून त्यांना बसायची खूण केली आणि बापूसाहेबांना दिवा लावायला सांगितले.

“तक्रार येईल,” ते म्हणाले.

“येणार नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि दिवा लावला. मी खुर्चीत बसलो, जमिनीकडे पाहत बोलू लागलो. बापूसाहेबांना सगळे ऐकू गेले. काकू मात्र काहीच न कळून पुढे वाकल्या. मान खाली घालून मागितलेली क्षमा त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हती. मी चेहरा वर केला, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“काकू, ती चिठ्ठी जशुभाईंनी नाही, मी लिहिली होती. तुमचा दिवा मी बंद करवला. माझं चुकलं. मला क्षमा करा.”