मेश्राम काकांचं जंगल

अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावात कोणाकडेही जेवण असलं की निघताना दारात मेश्राम काका वाकलेले दिसतात. बाहेर काढून ठेवलेले सगळ्यांचे बूट ते एकेक करून उलटे करतात, फरशीवर आपटतात, आत बॅटरी मारतात आणि मग ज्याचे त्याला देतात. ॲरिझोनात विंचू बुटात शिरतात हे खरं आहे. पण आपण जेवत असताना, तेवढ्यातल्या तेवढ्यात शिरतात असं काकांशिवाय कोणी मानत नाही. "पाहून घेतलेलं बरं," ते म्हणतात. "चावल्यावर काय पाहायचं राहते?"

काका मूळचे नागपूरचे. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी झाली, आता रिटायर होऊन माझ्या शेजारी राहतात. त्यांच्या घाबरण्याला एक शिस्त आहे. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी ते तपासणीच्या सर्टिफिकेटवरची तारीख वाचतात. हॉटेलात गेले की आधी मागचं दार शोधतात, मग मेन्यू उघडतात. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायचं नाही असा नियम असल्यामुळे ते कायम कुठल्यातरी ट्रकच्या मागे असतात. त्यांच्या गाडीतून अर्ध्या तासावरच्या फिनिक्सला जायचं म्हणजे डबा घेऊन निघावं लागतं.

अशा माणसाने एके दिवशी कुंपणापलीकडून मला विचारलं, "सागर, तुला स्पॅनिश येते ना? ग्वाटेमालाच्या जंगलात मायन लोकांचे जुने अवशेष आहेत. पाहून येऊ."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "काका, असे अवशेष मेक्सिकोत पण आहेत. थेट पायऱ्यांपर्यंत बस जाते."

"ते नाही. बस जात नाही तिथलेच."

कारण काही सांगेनात. शेवटी काकूंनी मला बाजूला घेतलं. "जा रे बाबा यांच्यासोबत. एकटे गेले तर एअरपोर्टवरूनच परत येतील, आणि मग स्वतःवरच चिडून राहतील." म्हणून मी निघालो. शिवाय काकांशेजारी आपण शूर दिसू, असाही एक हिशेब होता.

ग्वाटेमालात शेवटचं गाव मागे पडलं आणि रस्ता संपला. पुढे चेपे नावाचा वाटाड्या, मागे सामानाचं खेचर, मध्ये आम्ही. साप चावू नये म्हणून काकांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे जाड बूट आणि गळ्यात शिट्टी. तशीच एक शिट्टी त्यांनी माझ्यासाठीही आणली होती. मी हसून ती खिशात टाकली.

दुपारी चेपेने हात वर करून आम्हाला थांबवलं. वाटेवर नुसता पाचोळा होता. मग तो पाचोळा हलला. मनगटाएवढा जाड, त्या पाचोळ्याच्याच रंगाचा साप आमच्या समोरून सावकाश पलीकडे गेला.

"चावला असता तर दवाखाना कुठे? विचार त्याला," काका म्हणाले.

मी विचारलं. चेपेने आम्ही सकाळपासून चालत आलेल्या वाटेकडे हात केला आणि खांदे उडवले. काकांनी भाषांतर मागितलं नाही. मी खिशातली शिट्टी काढून गळ्यात घातली.

"काका, परत फिरू या. काकूंना मी सांगतो." हे मी त्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त बोलत होतो.

काकांचे ओठ पांढरे पडले होते. "चाल," ते म्हणाले.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. समोर एक डोंगर होता. झाडं वाढलेला डोंगर नसून तो मायन पिरॅमिड आहे, हे चेपेने सांगितल्यावर कळलं. सामान उतरवत होतो, तेवढ्यात डोक्यावरून डरकाळी आली. एक नाही, चारी बाजूंनी. इतकी खोल, की ती कानांआधी छातीत ऐकू आली. मी काकांचा दंड घट्ट पकडला. चेपे हसायला लागला. माकडं आहेत, म्हणाला, संध्याकाळी अशीच ओरडतात. ते समजूनही मी दंड सोडला नाही.

काका वर बघत होते. "मित्रा हे रोज ऐकत असेल," ते म्हणाले.

मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची एकुलती एक मुलगी. बोस्टनकडे रिसर्च करते एवढंच आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. बाकीचं तेव्हा कळलं. कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती जुन्या वास्तूंच्या उत्खननाचं शिकायला गेली आणि दर वर्षी पाऊस नसतो ते महिने इथेच काढते.

"नोकरी सोडू नको म्हणून लई बोललो तिला," काका म्हणाले. "आता कधीतरी मेसेज येते. आय ॲम फाइन, बाबा. कुठे झोपते, कशी चालते, काही नाही. मी घरी डोळे मिटले का मला काय काय दिसते, तुला सांगता येत नाही."

"तुम्ही येताय हे तिला माहीत आहे?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

सकाळी पिरॅमिडच्या पलीकडे गेलो. तिथे काम करणाऱ्या एकाने मित्रा आत असल्याचं सांगितलं. आत म्हणजे पिरॅमिडच्या पोटात. खांद्याएवढ्या रुंदीचा बोगदा, लाकडी टेकू, खूप आत एक मिणमिणता दिवा. छतातून बारीक माती सारखी गळत होती. मी तोंडाशीच थांबलो. तिथून पुढे जाणं मला जमलं नसतं.

"मी हाक मारतो तिला, बाहेर येईल."

"नको. ती बसते तिथे जाऊन पाहायचं आहे." काकांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "तू पण वाजवू नको. माती हलेल."

मग ते गुडघ्यांवर बसले आणि रांगत आत गेले. बराच वेळ मला त्यांच्या बुटांचं घासणं आणि जोरजोरात घेतलेला श्वास ऐकू येत होता. मग तोही थांबला.

"बाबा?" आतून आवाज आला. मग, "व्हॉट आर यू डूइंग हिअर?"

"काही नाही. तू कर काम. मी दिवा पकडतो."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघं बाहेर आली, नखशिखांत पांढऱ्या धुळीत. मित्राने त्यांचा हात धरला होता आणि बाहेर आल्यावरही सोडला नाही.

"ही वॉज शेकिंग द होल टाइम, सागरदादा," ती मला म्हणाली. "लाइट सगळीकडे नाचत होता. भिंतीवरचं कोरीवकाम ड्रॉच नाही झालं." तिने बाहीने डोळे पुसले, तशी गालावर धूळ आणखी पसरली.

"मग बाहेर पाठवायचं त्यांना."

ती मोकळ्या हाताने त्यांच्या केसांतली माती झटकू लागली.

परतीच्या वाटेवर काका काठी आपटतच चालत होते. मी विचारलं, "गेली का भीती, काका?"

"कुठे गेली?" ते म्हणाले. "घरी बसून अख्ख्या जंगलाची वाटे. आता बोगद्यात डाव्या हाताला एक टेकू कललेला आहे, त्याची वाटते."

थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "तेवढी झेपते."