झालंय, पण सरलं न्हाई

धुमाळ मास्तरांना इंग्रजीतला एकच काळ यायचा, तो हॅव-हॅजचा. तोच त्यांनी पौडच्या शाळेत पोरांना वर्षानुवर्षं कोळून पाजला. बाकीचे काळ त्यांच्या लेखी सावत्र. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि राहायचो त्यांच्या शेजारच्या खोलीत, त्यामुळे मला सुटका नव्हती.

"झालंय, पण सरलं न्हाई, असा ह्यो काळ," ते सांगायचे. "कधी झालं, ते इचारायचं न्हाई. 'काल' म्हणलं की मेला."

हे त्यांनी वर्गापुरतं ठेवलं असतं, तर मी पेढे वाटले असते. पण तुकाराम शेलार "म्हस काल व्याली" म्हणत चीक घेऊन आला, तर त्याच्याकडून 'काल' काढून घेईपर्यंत यांनी भांडं हातात धरलं नाही. चीक नासायला आला, तरी तुकाराम आपला 'हॅज, हॅज' करतोय.

पाटलांचे वडील वारले तेव्हा तर कहर झाला. पाटील डोळे पुसत म्हणाले, "परवा पहाटं गेलं." मास्तर मायेनं म्हणाले, "पाटील, परवा म्हणू नका. ही हॅज गॉन, एवढंच म्हणा."

पाटलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांचं डोस्कं हॅज गेलंय का?"

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

वैशाखात हे वेड उतू जायचं. संध्याकाळी मुळशी धरणाकडून एसटी आली, की मास्तर खिडकीशी हजर. "हॅज द वॉटर गॉन डाउन?" कंडक्टरला एवढं इंग्रजी पाठ झालं होतं. "न्हाई मास्तर," तो म्हणायचा, आणि त्या दिवशी मास्तरांची चूल पेटायची नाही. पाणी उतरलं काय न् चढलं काय, यांच्या म्हशी का तहानल्यात, असं मी शाळाभर सांगत फिरायचो.

त्या वर्षी पाणी उतरायचं नाव घेईना. मृग तोंडावर आला. पाऊस लागला की धरण पुन्हा भरणार, म्हणून मास्तर अर्धे झाले. शेवटी एकदा कंडक्टरच लांबून ओरडला, "उतरलंय, मास्तर!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन निघाले. टवाळीला नवा माल मिळेल म्हणून मीही गेलो. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या. उन्हानं माझी जीभ टाळ्याला चिकटली, पण गड्यानं घोटभर दिलं नाही.

धरणाच्या काठाला भेगाळलेला चिखल आणि त्यात जोत्यांचे दगड. बुडालेल्या गावची माणसं आपापले दगड शोधत होती. मास्तर एका उंबऱ्यापाशी थांबले. भिंत नाही, दार नाही, नुसता उंबरा. उपरण्यानं त्यांनी तो पुसला.

"आमचं घर. हितनं उठवल्यावर आई फार जगली न्हाई."

"कधी गेल्या?" मी विचारलं.

त्यांनी वहाणा बाहेर काढल्या. समोर अख्खं धरण पसरलेलं असताना घरून आणलेल्या पाण्यानं पाय धुतले, आणि उंबरा ओलांडला.

"आये," ते म्हणाले, "आलोय गं."

मी तसाच चिखलात उभा राहिलो.

मास्तरांनी वळून तांब्या माझ्यापुढं केला. "भाईर का हुबं ऱ्हायला? पाय धुवा आन् या की आत."

मी वहाणा काढल्या.