टुमा नावाचा वारा

मोटारीचं नाव कुठून येतं, हे दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका. मला विचारा! मोटारीच्या कारखान्यात नामकरणाच्या टेबलावर अकरा वर्षं काढलीत मी. खाली चार हजार माणसं लोखंड वाकवतात आणि वर तिसऱ्या मजल्यावर मी एकटा त्या लोखंडाचं बारसं करतो!

आमच्या साहेबांचा नियम एकच. नाव द्यायचं, तर खाली दोन ओळींत त्याचा उगमही द्यायचा. उगम म्हणजे वारा, वाघ, तारा, नाहीतर नदी. उगम पाणीदार नसेल, तर कागद पंख्याच्या वाऱ्यानं उडावा तसा परत येतो.

या खेपेची मोटार छोटी, गोल आणि चपळ. नाव शुक्रवारी बाराच्या आत हवं होतं. मी नोंदवही उघडली. हे देवा! जगातले सगळे वारे आधीच कुणी ना कुणी नेलेले. चित्ते संपले, घोडे संपले, जरा बरे दिसणारे तारे तर केव्हाच गेले. उरली होती पाल आणि मुंगूस!

साडेअकराला फोन वाजला.

"ठोंब्या, डबा विसरलास! फाटकाशी उभी आहे, खाली ये."

"आत्या, आज मरायला वेळ नाही गं!"

"मरायचं ते जेवून मर."

ही माझी टुमाआत्या. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनंच मला वाढवलं. आता मी बायकोसह पलीकडच्या गल्लीत राहतो, पण मी उपाशी आहे हे तिला माझ्या आधी कळतं. तिचं खरं नाव पाळण्यातच राहिलं. सगळे टुमा म्हणतात, आणि का म्हणतात ते कुणालाच ठाऊक नाही.

टुमा! मी ताडकन उठलो. दोनच अक्षरं, नोंदवहीत नाही, तोंडात गोळीसारखं बसतं! कागदावर लिहिलं: टुमा. खाली "उगम" लिहिलं आणि पेन अडलं. आत्या असं लिहू? साहेब मला खिडकीतून खाली टाकतील! मग ठोकून दिलं: "दूरच्या वाळवंटात दुपारी सुटणारा, कुणालाच न जुमानणारा वारा."

"कुठल्या वाळवंटात?" साहेबांनी विचारलं.

"फारच दूरच्या, साहेब."

"वा! जवळचं मला चाललंच नसतं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आनंद माणसाला गप्प बसू देतो का? संध्याकाळी आत्याकडे गेलो आणि सांगून टाकलं, "आत्या, नव्या मोटारीला तुझं नाव दिलंय!" वाऱ्याचं मात्र अक्षर काढलं नाही.

आत्यानं विळी बाजूला सारली. पदर डोळ्यांना लावला. "माझं नाव आजवर विजेच्या बिलावरसुद्धा आलं नाही रे. तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली, तरी बिल त्यांनाच येतं!"

झालं! आता एका नावाची दोन लफडी सुरू झाली. कारखान्यात वारा वाढत चालला. रंगवाल्यानं मोटार वाळूच्या रंगाची केली. माहितीपुस्तिकेवर उंट आले. इकडे आत्याही थांबेना. शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असतानाच सांगितलं!

त्यात साहेबांनी फर्मान काढलं. "हा वारा प्रत्यक्ष अंगावर घेतलेलं माणूस समारंभाला आणा!"

"साहेब, ती माणसं फार लांब..."

"विमानानं आणा!"

समारंभाच्या दिवशी मी सभागृहात पाऊल टाकलं आणि तसाच दाराआड सरकलो. पहिल्या रांगेत आत्या! शेजारी तिच्या सात मैत्रिणी! आमंत्रण कुठलं? फाटकावरच्या रखवालदाराला तिनं सांगितलं होतं, "मोटार माझी आहे." बिचाऱ्यानं सलाम ठोकला.

साहेब व्यासपीठावरून गरजले, "टुमा! म्हणजे दूरच्या वाळवंटातला बेफाम वारा..."

आत्या उभी राहिली. "अहो साहेब, वारा कुठला? टुमा म्हणजे मी!"

सगळ्या सभागृहाच्या माना आत्याकडे वळल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझा राजीनामा टाइप होऊन तयार होता. मी उडी मारून वर चढलो.

"साहेब, ह्याच त्या! वारा अंगावर घेतलेल्या! तिकडून आल्यापासून लोक ह्यांनाही टुमा म्हणायला लागले!"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कीर्तनाला आम्ही नेहमी शेजारी बसतो. बुवा आख्यानात लबाड माणसाचा प्रसंग रंगवू लागले, की ती माझ्याकडे बघते, अगदी तसंच. साहेबांनी तिला हात देऊन वर घेतलं, माइक पुढे केला. आता ही बोलली की माझी नोकरी गेली!

"आहे असा वारा," आत्या शांतपणे म्हणाली. "दार वाजवून येत नाही. आला की घरातला पसारा दहा मिनिटांत जागेवर. पोर रडत असलं, तर हाच त्याला उचलून घेतो. पोर मोठं होतं, इस्त्रीचे कपडे घालतं, आणि मग चारचौघांत सांगतं, तो वारा होता म्हणून."

तिनं माइक माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरू लागली. पाठमोरी आत्या मला कधी एवढी लहान दिसली नव्हती. नोकरी राहिली होती हो! पण ती नोकरी घेऊन संध्याकाळी आत्याच्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो?

"साहेब," मी ओरडलो, "वारा-बिरा काही नाही! ही माझी आत्या आहे! नाव तिचंच आहे!"

साहेबांनी हातातल्या पुस्तिकेवरचा उंट पाहिला. मग म्हणाले, "पुस्तिका किती छापल्या?"

"तीन हजार."

"चिठ्ठ्या चिकटवा. स्वतःच्या हातानं!"

तीन हजार उंटांवर मी एकेक चिठ्ठी चिकटवली: "टुमा: आमच्या एका कामगाराच्या आत्याचं नाव." आणि ती आत्या? ती मोटारीत बसून हॉर्न वाजवत होती. सातही मैत्रिणींनी आळीपाळीनं वाजवला!

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. "पुढची मोटार मोठी, दणकट आहे. मला वादळ हवंय. पण या वेळी उगम खरा लिहा. तुमच्या घरात आणखी कोण आहे?"

आता मी या विषयातला अधिकारी माणूस! तिथल्या तिथे बायकोचं लाडाचं नाव लिहिलं, खाली खराखुरा उगम लिहिला, साहेबांची सही घेतली आणि नाचत घरी गेलो. बायकोनं कागद वाचला. घडी केली.

"वादळ म्हटल्यावर तुम्हाला मीच आठवले का हो?"

हे सगळं मी आत्याच्या घरी बसून लिहितोय. चार दिवस झाले. कपडे अजून तिकडेच आहेत.