कैलासातल्या कमलाक्का

उन्हाच्या बाबतीत नागपूरकराला कुणी शिकवू नये! लग्न करून बंगळूरला आल्यापासून मी हे वाक्य म्हणतो आहे आणि माझी बायको श्रीविद्या तेव्हापासून ते न ऐकल्यासारखं करते आहे.

आमची गाडी म्हातारी. तिचा एसी लावला की तापानं फणफणलेल्या माणसानं तोंडावर उसासा टाकावा तशी हवा यायची. श्रीविद्याच्या आत्या, कमलाक्का, एकदा या गाडीत बसून सर्जापूर रोडच्या सिग्नलला अडकल्या. घाम पुसत म्हणाल्या, "अय्यो, जावईबापू! हे कार की इडलीपात्र?"

झालं! माझ्यातला विदर्भ पेटला. मारतहळ्ळीच्या परसू मेकॅनिककडे गाडी टाकली. नवा मोठा कॉम्प्रेसर, नवी कूलिंगची जाळी, तिच्यावर जादा पंखा, छताच्या आतून ऊन अडवणारं अस्तर! किल्ली देताना परसू म्हणाला, "सार, आता मागच्या सीटवर पेंग्विन पाळा!"

पुढच्याच रविवारी होसकोट्याला नात्यातलं बारसं होतं. मी मुद्दाम कमलाक्कांना पुढे बसवलं आणि एसी पूर्ण सोडला. मारतहळ्ळी यायच्या आत श्रीविद्यानं ओढणी गुंडाळली. मला स्टिअरिंग बर्फाच्या लादीसारखं लागत होतं, पण मी दात न वाजवता हसत होतो.

"कसं वाटतंय, अक्का?"

"अगदी कैलास की हो!" अक्कांनी पदर डोक्यावरून घेतला.

होसकोट्याच्या अलीकडे शहाळ्यांची गाडी दिसली. आम्ही दोघं ऊब घ्यायला म्हणून उतरलो. अक्का हलेनात. "मी नाही उतरत. तुम्ही प्या. स्वल्प डोळे मिटते." त्यांच्यासाठी इंजिन चालू ठेवलं, एसी चालू ठेवला आणि जन्माची सवय म्हणून दाराची खिट्टी दाबून दार लावलं. खट्! चारही दारं बंद. किल्ली आत. दुसरी किल्ली श्रीविद्याच्या पर्समध्ये आणि पर्सही आत!

"अक्का उघडतील की," मी म्हणालो आणि काचेवर टकटक केलं.

काचा बाहेरून धुरकटल्या होत्या. मी तळहातानं पुसून आत पाहिलं. अक्कांची मान मागे टाकलेली. तोंड उघडं. पांढऱ्या साडीचा पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढलेला. हालचाल शून्य!

"अक्काऽऽ!" श्रीविद्या काच बडवू लागली. "तनय, त्या उठत का नाहीत? इंजिन चालू आहे! बंद गाडीत धूर शिरून माणसं जातात रे!"

हे मीही वाचलं होतं. ते आत्ताच आठवायला हवं होतं का? त्या क्षणी मला एसी नको होता, गाडी नको होती. अक्कांनी एकदा 'इडलीपात्र' म्हणावं, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात श्रीविद्यानं किंकाळी फोडली. "कापूस! तनय, त्यांना कापूस घातलाय!"

खरंच कापूस दिसत होता. कानाशी दिसत होता, पण घाबरलेल्या माणसाला नाक-कान एकच! कैलास म्हणता म्हणता बाई कैलासवासी झाल्या की काय? माझ्या नव्या एसीत?

गर्दी जमली. श्रीवत्स नावाचा रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प थांबा सार, पट्टी घालून लॉक काढतो." त्यानं पट्टी काचेच्या फटीत घातली. ती आत पडली. कुणी म्हणालं पोलीस, कुणी म्हणालं ॲम्ब्युलन्स. मी हातातलं शहाळं उचललं आणि मागच्या दाराच्या काचेवर सर्व शक्तीनिशी हाणलं. शहाळं फुटलं! पाणी माझ्या डोळ्यांत, काच जशीच्या तशी!

"सरका, सार!" शहाळेवाला अण्णा कोयता घेऊन आला. कोयत्याची पाठ काचेवर बसली. खळ्ळ! मी हात घालून खिट्टी ओढली, पुढचं दार उघडलं आणि अक्कांचा हात धरला. तो बर्फासारखा गार. श्रीविद्यानं गळा काढला.

कमलाक्कांनी एक डोळा उघडला. मग कानातला कापसाचा बोळा काढला.

"होसकोटे आलं?"

मी रस्त्यावरच बसलो. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

"अक्का, किती हाका मारल्या आम्ही!"

"कसं ऐकू येणार? केवढा तो गार वारा! कानात कापूस घातला, तोंडावर पदर घेतला, तरी हातपाय गोठले. तुम्ही एवढ्या हौसेनं केलंत, बंद करा कसं म्हणू?" त्यांची नजर मागे गेली. "काच का फोडली?"

अण्णानं त्यांना शहाळं दिलं, तेही आमच्या हिशेबात.

होसकोट्यापर्यंत फुटक्या काचेतून धूळ, ऊन आणि ट्रकचे भोंगे आत येत होते. श्रीविद्या मागच्या सीटवरचे काचेचे तुकडे वेचत होती. नवा कॉम्प्रेसर बाहेरच्या जगाला गारवा पुरवत घरघरत होता. शेवटी मी निमूट एसी बंद केला.

कमलाक्कांनी पदर सारखा केला, बाहेरचा वारा अंगावर घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "हां, आता कसं! जावईबापू, एक काच फोडून भागत होतं, तर एवढा खटाटोप कशाला केलात?"