एका खोकल्याला एक इंच

मास्तरांच्या दुकानात कंबर कधी वाढतच नसे. गिऱ्हाईक कितीही सुटलेलं असो, टेप त्याच्या पोटाभोवती फिरवून हे शिंपीमास्तर खणखणीत आवाजात "चौतीस!" म्हणत आणि मग तोंडावर मूठ धरून खोकत. मशीनवर बसलेली त्यांची बायको खोकले मोजून तेवढे इंच वाढवी आणि वहीत खरं माप लिही. चार खोकले म्हणजे अडतीस. पँट अंगाला चोख बसे, गिऱ्हाईक मान ताठ करून घरी जाई. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. लोक मास्तरांना खोकल्याची औषधं सुचवत, एवढाच काय तो ताप.

अशा माणसाकडे आरोग्य केंद्राच्या सिस्टर मदत मागायला आल्या. मधुमेह वेळेत ओळखायचा, तर माणसं केंद्राकडे फिरकायला हवीत. ती फिरकत नाहीत, म्हणून सिस्टरनी सलूनवाल्याला, चष्मेवाल्याला हाताशी धरलं होतं. आता मास्तरांची पाळी होती.

"आमच्यापुढे सगळे पोट आत ओढून उभे राहतात. तुमच्यापुढे नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी इथेच शिबिर घेऊ. तुम्ही माप सांगायचं, मी लिहायचं. पस्तीसच्या पुढे गेला, की बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायची."

मास्तरांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षी बायकोच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. तेव्हा याच सिस्टर तिला हाताला धरून तपासायला घेऊन गेल्या होत्या. साखर निघाली, औषध सुरू झालं आणि अंगठा वाचला. मशीनची टकटक ऐकली, की मास्तर मनातल्या मनात सिस्टरना हात जोडत.

रविवारी दुकानासमोर रांग लागली. बायको बाहेर लोकांना बसवायला गेली आणि मास्तरांनी टेप हातात घेतली. खरं माप सांगायचं, असा त्यांचा पक्का निश्चय होता. पण सगळी रांग कान टवकारून उभी! समोरचं ओळखीचं तोंड बघितलं आणि जिभेनं दगा दिला. "चौतीस!" मास्तर म्हणाले आणि सात वेळा खोकले.

सिस्टरनी चौतीस लिहिलं. अकरा जण मोजून झाले, तरी एकाच्याही बोटाला सुई टोचायची वेळ आली नाही.

"किती निरोगी गल्ली आहे हो ही!" सिस्टर म्हणाल्या आणि मग काळजीत पडल्या. "पण मास्तर, तुमचं काही खरं दिसत नाही. किती दिवस आहे हा खोकला?"

"तीस वर्षं," मास्तर बोलून गेले.

सिस्टरनी ताबडतोब त्यांच्या तोंडाला मास्क लावला, उद्या छातीचा फोटो काढून घ्या म्हणून बजावलं आणि त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. मग टेप स्वतःच्या हातात घेतली. पुढे उभे होते वकीलसाहेब.

"बेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"चौतीस," वकीलसाहेबांनी दुरुस्ती केली. "मास्तरांना विचारा. मी लग्नात चौतीस होतो, आजही चौतीस आहे."

"साहेब, टेपच सांगतेय."

"मग टेप खोटी आहे! धडधाकट माणसाला पेशंट करायचे धंदे आहेत हे!"

अकरा जण पुढे सरसावले. चौतीस असल्याचा अभिमान त्यांना एका सकाळीत चांगलाच चढला होता. रांग मोडायला लागली. वकीलसाहेब कागद मागायला लागले. लेखी तक्रार करतो, हे शिबिर कायमचं बंद पाडतो, म्हणाले. सिस्टरचा चेहरा पार उतरला.

मास्कच्या आत मास्तरांना दरदरून घाम फुटला. तोंड उघडलं तर तीस वर्षांचं दुकान बसणार, मिटून ठेवलं तर या बाईच्या चांगुलपणाला बट्टा लागणार. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दारात दोन्ही पायांवर धड उभी होती. मास्तर उठले आणि त्यांनी मास्क काढला.

"टेप खरी आहे, साहेब. खोटा मी आहे. तुमची कंबर चौतीस आणि आठ खोकले."

मग सगळंच सांगून टाकलं. बायकोनं वही आणून दिली. जो तो आपलं पान दुसऱ्याला दिसू नये म्हणून हातानं झाकून वाचायला लागला.

"तीस वर्षं फसवलंत?" वकीलसाहेबांनी विचारलं. "कशासाठी?"

"तुमचं तोंड पडू नये म्हणून, साहेब. दुसरं काही नाही."

"आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आधी तुमचं माप होऊ द्या. तुमचं बोट टोचलं, तर आम्ही बोटं पुढे करू."

"घ्या की!" मास्तर छाती काढून उभे राहिले. "मी तेहेतीस. ही पँट आठ वर्षांची आहे, आजही बसते."

वकीलसाहेबांनी जातीनं टेप फिरवली. "एकोणचाळीस!"

"शक्यच नाही! मग ही पँट बसते कशी?"

"बसणारच," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही कापड आणायला बाजारात गेलात, की मी ती मागून उसवते आणि सैल करून ठेवते. दर सहा महिन्यांनी."

सगळं दुकान हसून लोटपोट झालं.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तोंड पडलं असतं ना तुमचं."

मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं. सिस्टरनी साखर मोजायच्या यंत्राचा आकडा पाहिला. "काठावर आहे. उद्या उपाशीपोटी केंद्रात या, नीट तपासू. वेळेत सापडलात, मास्तर."

"सिस्टर, आमच्या घरावर हे तुमचे दुसरे उपकार," मास्तर म्हणाले. मागे वकीलसाहेब बाही वर सारून रांगेत उभे होते. त्यांच्या मागे ते अकरा जण, आणि त्यांच्या मागे उरलेली गल्ली.

मास्तर आडोशाला गेले, पँट बदलून आले आणि ती उलटी करून उजेडात धरली. बराच वेळ ते मागची शिवण चाचपत राहिले. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या शिलाईला चांगलं म्हटलं नव्हतं.

"काय सुरेख टाका घातलायस गं," ते बायकोला म्हणाले.