दळवी गुरुजींचं मत

टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या बिल्डिंगजवळ वॉर्डाच्या निवडणुकीचा फळा उभा राहिला, की दळवी गुरुजी रोज सकाळी खिशात सहा इंची पट्टी घेऊन तिथे हजर. इथे उमेदवारांना भिंती रंगवायची सोय नाही. मोठा फळा असतो, त्यावर नंबर घातलेले चौकोन असतात, आणि ज्याचा जो चौकोन त्यातच त्याने आपलं पोस्टर चिकटवायचं. गुरुजी एकेक पोस्टर मोजतात. एकदा सतरा नंबरच्या उमेदवाराचा कोपरा सोळा नंबरच्या हद्दीत अर्धा सेंटिमीटर घुसलेला त्यांना सापडला. ते तडक चौकीवर गेले आणि एका तरुण पोलिसाला घेऊन आले. भाषा येत नव्हती, पण पट्टी होती. पोलिसाने वाकून बघितलं, कोपरा अंगठ्याने नीट दाबला आणि गुरुजींना कमरेत वाकून नमस्कार केला.

"बघितलंत ताई?" गुरुजी मला म्हणाले. "याला म्हणतात प्रक्रिया!"

गुरुजींना इथे मत नाही. ते कोल्हापूरकडच्या एका गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको गेल्यावर मुलाने, निखिलने, त्यांना टोकियोला आणलं. आमचं दार त्यांच्या दाराशेजारीच. उभ्या नोकरीत त्यांनी वर्गापेक्षा जास्त प्रेम केलं ते इलेक्शन ड्युटीवर. बाकीचे मास्तर ड्युटी टाळायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायचे. गुरुजी आदल्या संध्याकाळी मतपेटीशेजारी सतरंजी टाकून झोपायचे.

सवयी काही सुटत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये कचरा वेगळा करायचे नियम भारी कडक. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, सगळ्याचे वार वेगळे. माणसं वैतागतात, गुरुजी फुलून आले. टोपण न काढलेली बाटली दिसली, की "बाद!" म्हणून बाजूला. लेबल सोललेली, धुतलेली बाटली आली, की "वैध." बिल्डिंगचे केअरटेकर मोरिता-सान महिन्याभरात हे दोन्ही शब्द शिकले. आता ते दोघं सकाळी पिंजऱ्यासारख्या त्या कचराघरासमोर उभे राहून एकमेकांना "वैध", "बाद" असं ओरडून सांगत असतात.

पाडव्याला आम्ही आठ मराठी घरं एकत्र जेवतो. श्रीखंड करायचं की बासुंदी, यावरून वाद झाला. गुरुजींनी बुटाच्या खोक्याची मतपेटी केली, मेणबत्तीने सील केली आणि प्रत्येकाच्या बोटाला नातीच्या मार्करने शाई लावली. तो मार्कर पक्का निघाला. माझा नवरा सोमवारी काळं नख घेऊन ऑफिसात गेला, तर त्याच्या साहेबांनी काळजीने विचारलं, "कुलकर्णी-सान, दारात बोट चेमटलं का?" श्रीखंडावर मतदान झाल्याचं जपानीत समजावणं नवऱ्याला जमेना. त्याने "हो" म्हणून टाकलं. साहेबांनी त्याला लवकर घरी पाठवलं.

स्वतः गुरुजींनी मात्र मत दिलं नाही. "मी मतदान अधिकारी," ते म्हणाले. "मला श्रीखंडही सारखं, बासुंदीही सारखी." मतं समसमान पडली म्हणून दोन्ही करावं लागलं, आणि गुरुजींनी दोन्ही सारखंच खाल्लं.

असा हा कडक तटस्थ माणूस. आणि यंदा त्यांची मुलगी निवडणुकीला उभी राहिली.

सुजाता इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या भागातून हॉस्पिटलकडे जाणारी बस बंद झाली. ती चालू करा म्हणून तिने सह्या गोळा केल्या, अर्ज केले, खेपा घातल्या. कोणी दाद देईना, तेव्हा ती चिडून बरो कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, अपक्ष उभी राहिली. समोरचे गृहस्थ बरीच वर्षं निवडून येणारे. तिने बापाला व्हिडिओवर सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते, दळवींकडे कढीपत्ता मागायला गेले होते.

"बाबा, आपल्या लोकांची तीसेक घरं आहेत माझ्या प्रभागात. भारतीय पासपोर्टवर इथे कौन्सिलला मत देता येतं, हे निम्म्यांना माहीतच नाही. तुम्ही फोन कराल? तुमच्यासारखं समजावून कोण सांगणार?"

गुरुजींचे डोळे लकाकले. "नियमावली पाठव," ते म्हणाले.

नियमावली आली. गुरुजींनी ती शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचली. तिकडच्या मराठी मंडळाच्या लोकांनी आपणहून नंबर दिले. मग रोज संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तिकडे लोक सकाळचा चहा पीत असतील अशा वेळी, बाल्कनीतून त्यांचा खणखणीत आवाज यायचा.

"नमस्कार! मी टोकियोहून दळवी गुरुजी बोलतो. आपलं नाव यादीत आहे का? नाही? का नाही? आज नोंदवा. मतदानाला जाताना पासपोर्ट न्या, तिकडे फोटोचं ओळखपत्र लागतं. काय? कुणाला मत द्यायचं? ते मी सांगणार नाही. तो आपला अधिकार आहे. नमस्कार."

दोन आठवडे हे चाललं. एकदा मी त्यांच्याकडे असताना सुजाताचा फोन स्पीकरवर होता आणि ती अक्षरशः किंचाळली. "बाबा, अहो, माझं नाव तरी घ्या! काल एक काकू म्हणाल्या, टोकियोच्या गुरुजींनी फार छान समजावलं, आम्ही सगळे मत देणार आहोत. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाल्या, अजून ठरवलं नाही, उमेदवार कोण आहेत?"

"सुजा, तटस्थता—"

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी प्रक्रियेच्या बाजूने."

तिने फोन ठेवला. मी कढईत काहीतरी लागतंय असं म्हणून निघून आले.

मतदान गुरुवारी होतं. इकडे गोल्डन वीकची सुट्टी लागलेली. दुपारी तीनला तिकडची केंद्रं उघडली. मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होते. दोन बाल्कन्यांमधल्या पातळ पार्टिशनपलीकडे गुरुजींनी पहिला फोन लावला. नमस्कार झाला, पासपोर्ट झाला. मग खुर्ची सरकली. मला वाटलं, फोन संपला. तेवढ्यात ऐकू आलं.

"आणि हे बघा. माझी मुलगी उभी आहे. सुजाता. कष्टाळू आहे, हट्टी आहे, बस आणल्याशिवाय राहणार नाही. तिला मत द्या. मी तिचा बाप आहे आणि मी तिच्या बाजूने आहे."

माझ्या हातातला टॉवेल खालच्या मजल्यावर पडला.

त्यांनी त्या दिवशी तीसच्या तीस घरांना पुन्हा फोन केले. शेवटी शेवटी आवाज बसला होता, तरी "हट्टी आहे" हे शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे दळवींकडे जमलो. तिकडे मतमोजणी चालू होती, इकडे मी पोहे परतत होते. जावई मोजणीच्या हॉलबाहेर येऊन मेसेज पाठवायचा, निखिल मोठ्याने वाचायचा. आधी आला, "मागे आहे." मग, "बरोबरीत असावी." मग अर्धा तास काहीच नाही. गुरुजी खुर्चीवर ताठ बसले होते, पोह्यांची बशी मांडीवर, एक घास नाही.

"फेरमोजणी मागितलीय समोरच्यांनी," निखिलने वाचलं.

"मागणारच. त्यांचा हक्क आहे," गुरुजी म्हणाले आणि मग अगदी हळू, "पण नसती मागितली तर बरं झालं असतं."

अकरा वाजता फोन वाजला. निखिलने वाचलं आणि तो ताडकन उठला. त्याने फोन माझ्याकडे दिला. मी ओरडले, "आली! एकोणीस मतांनी आली!"

पुढचं सगळं एकदम झालं. माझ्या नवऱ्याने झारा ताटलीवर बडवला. नात सोफ्यावर उड्या मारत जपानीत काहीतरी ओरडायला लागली. आवाज ऐकून मोरिता-सान धावत वर आले. त्यांना वाटलं, पाण्याचा पाइप फुटला. नातीने त्यांना सांगितलं, "आत्या निवडणूक जिंकली." मोरिता-सानांनी टोपी काढली, पाय जुळवले आणि दोन्ही हात वर करून ते गरजले, "बान्झाई!" इथे निवडून आल्यावर तसंच करतात, तीन वेळा. आम्हीही केलं. गुरुजींनी बशी ठेवली, उठले आणि हात वर केले. तिसऱ्या बान्झाईला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

लोक पांगल्यावर मी भांडी आवरत होते. न राहवून विचारलं, "गुरुजी, जन्मभर तटस्थ राहिलात. मग काल काय झालं?"

ते टेबल पुसत होते.

"आमची कमल, सुजाची आई, एकदा ग्रामपंचायतीला उभी होती," ते म्हणाले. "मला दुसऱ्या गावी ड्युटी. टपालाने मत द्यायचा अर्ज हातात होता. मी भरला नाही. म्हटलं, अधिकारी माणसाने बाजू घेऊ नये. ती अकरा मतांनी पडली. माझं धरलं असतं तरी दहांनी पडली असती. तो प्रश्न नाही ताई. घरी आलो, तिने वाढलं आणि विचारलं, तुमचं मत कुणाला? मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. ती हसली. मला वाटलं, हिला वाटतंय मी तिलाच दिलं. मी तसंच वाटू दिलं. शेवटपर्यंत."

"सुजाताला माहीत आहे?"

"नाही."

तेवढ्यात सुजाताचाच व्हिडिओ कॉल आला. हॉलच्या पायऱ्यांवर बसली होती, केस विस्कटलेले, कोटावर मोठं रिबिनीचं फूल. "बाबा, एकोणीस!" गुरुजी तिचं अभिनंदन करायचं सोडून एकदम तेच सांगायला लागले. अर्ज, ड्युटी, जेवण, सगळं. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले. त्यांचं सांगून झालं. मग ती हसल्याचं ऐकू आलं, रडताना हसतात तसं.

"बाबा, आईला माहीत होतं. ती मला म्हणाली होती, ह्यांनी मला मत दिलं असतं, तर गुप्त कसलं, रात्रभर झोपू दिलं नसतं मला सांगून सांगून."

गुरुजींनी फडकं खाली ठेवलं.

"आणि चिडली नव्हती ती?" त्यांनी विचारलं.

"चिडली होती की. आठवडाभर तुमच्या चहात साखर कमी घालायची. तुम्हाला कळलंच नाही."

गुरुजी मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मी त्यांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. दोघं बाप-लेक बराच वेळ तसेच हसत होते. मी हात पुसले आणि दार हळूच ओढून घेतलं.